आजीच्या पदरीं ठेवलेली नातवंडें

दसरा उलटला, कीं बीड जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्या हळूहळू रित्या होऊं लागतात. तरणीं माणसें बिऱ्हाड पाठीशीं घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा अथवा थेट कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे ऊंसतोडीस जातात, तीं कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहींत. गांवीं उरतात म्हातारीं माणसें आणि शाळेच्या वयाचीं मुलें. आजी-आजोबा म्हणजे गोष्टी सांगणारीं व लाड पुरविणारीं माणसें, अशी एक गोड कल्पना शहरांतील सुशिक्षित घरांत रूढ आहे. या वस्त्यांत मात्र वर्षांतील पांच-सहा महिने आजी हीच घरची कर्ती असते.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं ऊंसतोडीचा हिशेब ध्यानांत घ्यावा लागतो. येथें नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पुरुषानें ऊंस तोडावयाचा. बाईनें मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून त्या गाडींत टाकावयाच्या. एकटा गेला तर तो अर्धा कोयता. म्हणून आईला मागें राहतां येत नाहीं. शिवाय मुकादमाकडून घेतलेली उचल घराची डागडुजी, दवाखाना, लग्नकार्य यांत आधींच खर्चून गेलेली असते, आणि ती अंगमेहनतीनें फेडल्यावांचून सुटका नसते. अंगावरचें मूल आईबरोबर कोपीवर जातें. शाळेंत जाणारें मूलहि तेथें गेलें, तर त्याचें निम्में वर्ष बुडतें, आणि चार-सहा हंगामांनीं त्याच्याहि हातीं कोयता येतो. हें टाळावयाचें, तर घरीं आजी हवी.

परंतु आजीनें घर चालवावयाचें कशावर? आईबाप जातांना थोडेंबहुत धान्य भरून ठेवतात. पुढें आजीच्या हातीं खात्रीचा असा पैसा बहुधा एकच: ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठीं राज्य सरकारची जी श्रावणबाळ योजना आहे, तिचें निवृत्तिवेतन. २०२३ सालीं तें दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झालें. श्रावणबाळ हें आंधळ्या आईबापांना कावडींत वाहणाऱ्या पुत्राचें नांव; येथें कावड म्हातारीच्याच खांद्यावर असते, आणि त्याच पैशांतून नातवाची वही, तेल-मीठ व तापाचें औषध निघतें. शिधापत्रिकेची अडचण निराळीच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबास दर माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें. पण नातवंडांचीं नांवें बापाच्या पत्रिकेवर आणि आजी स्वतंत्र पत्रिकेवर असली, तर मुलांचें धान्य तिच्या अंगठ्यानें सुटत नाहीं. कष्टानें झिजलेल्या अंगठ्याची खूण यंत्राला कित्येकदां ओळखूंच येत नाहीं, ही आणखी एक गोष्ट.

सरकारनें या मुलांसाठीं गांवोगांवच्या शाळांत हंगामी वसतिगृहें काढलीं आहेत. मूल राहतें आपल्या गांवीं, आणि दुपारच्या शालेय भोजनाखेरीज इतर वेळचें जेवणहि शाळेमार्फत मिळतें. कल्पना उत्तम आहे. आजीची चूल तिनें बरीच हलकी होते. दोष इतकाच, कीं वसतिगृह उघडण्यास उशीर झाला, तर आईबाप वाट पाहत थांबूं शकत नाहींत. तीं मुलांना बरोबर घेऊन निघून जातात.

कायद्याच्या दृष्टीनें पाहतां आजीचें स्थान चमत्कारिक आहे. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणें नैसर्गिक पालक बाप, त्याच्या मागून आई. आजी-आजोबांचा त्यांत उल्लेख नाहीं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालीं न्यायालय त्यांना पालक नेमूं शकतें खरें, पण आईबाप हयात असतां पांच महिन्यांसाठीं कोर्टाची पायरी कोण चढणार? उलटपक्षीं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें आजी-आजोबांस सज्ञान नातवंडांकडून निर्वाहखर्च मागतां येतो. म्हणजे नातवंडाचें आजीशीं असलेलें कर्तव्य कायद्यानें ओळखलें. आजी आज जें करीत आहे, त्याला मात्र त्यानें अद्याप नांव दिलेलें नाहीं.

सर्वांत कठीण प्रश्न नातीचा. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, कीं म्हातारीला तिची राखण झेपेल कीं नाहीं, ही धास्ती आईबापांना वाटूं लागते. मग तिला कोपीवर नेतात, नाहीं तर तिचें लग्न उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९-२१) बीड जिल्ह्यांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारे ४४ जणींचीं लग्नें अठराव्या वर्षापूर्वीं झाल्याचें आढळलें. सबंध राज्याचें प्रमाण शेंकडा सुमारे २२ होतें. याचें कारण केवळ ऊंसतोड नव्हे, दारिद्र्य आणि रूढीहि आहेत. पण ऊंसतोडीच्या घरांत ही धास्ती दर दसऱ्याला नव्यानें उभी राहते. २०२१ सालीं मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेंत मुलींसाठीं स्वतंत्र वसतिगृहें योजिलीं आहेत, तीं याचसाठीं महत्त्वाचीं. मुलीच्या निजण्याची सोय निर्धास्त झाली, तर आजीकडे फक्त तिची वेणी घालण्याचें आणि सणावाराला तिला घरीं आणण्याचें काम उरेल.