नजर फिरते, आठवण निवते

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीत फौजेची परंपरा घरोघरी आहे. निवृत्त जवानाचा गुडघा दुखला तर डॉक्टर गाठला जातो. उडालेल्या झोपेचं काय? रणांगणाची आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवायची, हा उपचार ऐकून गंडादोराच आठवेल. पण फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीची परीक्षा झाली आहे. १९९८ च्या अभ्यासात बारा सत्रांनंतर व्हिएतनाम युद्धातल्या ७७ टक्के सैनिकांत आघातोत्तर तणावाचं निदान उरलं नाही. गट लहान होता, हे खरं. तरी २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तिची शिफारस केली. गुण आठवण उगाळण्याचा, डोळे नुसता देखावा, असा आक्षेप आहे. प्रयोगांत मात्र नजर फिरवताना आठवणीची धग उतरलेली दिसते. बहुधा मनाला दोन्ही कामं एकदम पेलत नाहीत.