चपला वाचवायच्या असतील तर पिल्लाला चावू द्या

पिल्लानं चपलेचा पट्टा तोडला, सोफ्याचा पाय सोलून काढला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘त्याला कॅल्शियम कमी पडतंय, औषध सुरू करा.’ शेजारी हे सांगतात, वॉचमन सांगतो, पेट शॉपवाला तर बाटलीच हातात ठेवतो. कुरतडण्याचं कारण कॅल्शियम नाही. पिल्लांसाठी बनवलेलं संतुलित खाद्य पोटभर खाणाऱ्या पिल्लाला वरून काही द्यावं लागत नाही. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला तर जादा कॅल्शियम बाधतं. मोठा कुत्रा आतड्यातून गरजेपुरतंच कॅल्शियम शोषून घेतो. पिल्लाच्या शरीराला सुरुवातीचे काही महिने हे नियंत्रण जमत नाही. जादा गेलेलं शोषलं जातं आणि हाडांची, सांध्यांची वाढ बिघडते. नुसत्या दूध-पोळीवर किंवा चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लात खरोखर कमतरता असू शकते. ती मात्र आहार पाहून डॉक्टरांनी ठरवावी, चपलेची अवस्था पाहून आपण नव्हे.

पिल्लू चावतं त्याचं एक कारण त्याच्या हिरड्यांत असतं. त्याला दुधाचे २८ दात असतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात केर काढताना कधी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा दात सापडतो, खेळण्यावर रक्ताचा पुसट डाग दिसतो. घाबरायचं कारण नाही. पुष्कळसे दात तर पिल्लू खाताना गिळूनच टाकतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. नवा सुळा आला तरी दुधाचा सुळा शेजारी तसाच उभा असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

मग ‘दात आले की आपोआप थांबेल’ हे तरी खरं? अर्धंच. हिरड्यांची ठसठस थांबते, चावणं थांबत नाही. पिल्लाला हात नाहीत. नवी वस्तू ते तोंडानंच ओळखतं. शिवाय चघळल्यानं त्याला बरं वाटतं, कंटाळा जातो, शांत झोप लागते. सात-आठ महिन्यांनंतर, वयात येताना, पुन्हा एकदा मोडतोड सुरू होते, आणि आता जबड्यात ताकद असते. पहिल्या सहा महिन्यांत काय चावायचं हे शिकवलं नसेल, तर चपलेवरून गाडी दाराच्या चौकटीवर जाते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज वेगळाच आहे. ‘त्याला चूक कळते हो, बघा कसं तोंड पाडून बसलंय!’ मालक संध्याकाळी घरी येतो, फाटलेली उशी पाहतो, पिल्लाला ओढत तिच्यापाशी नेतो, नाक घासतो, एक फटका देतो. पिल्लू कान पाडतं, नजर चुकवतं, शेपूट पायात घेतं. त्याला पश्चात्ताप झाला असं आपण समजतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नेमका याच चेहऱ्यावर होता. १४ कुत्रे आणि त्यांचे मालक. मालकानं खाऊ समोर ठेवून ‘खायचं नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे खरोखर काय घडलं ते मालकाला दर वेळी खरं सांगितलं जाईच असं नव्हतं. निष्कर्ष स्पष्ट निघाला: तो अपराधी चेहरा कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. विशेष म्हणजे, खाऊला न शिवता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्त ठळक दिसला.

म्हणजे पिल्लू आपल्या चढलेल्या आवाजाला घाबरतं. दुपारी फाडलेली उशी आणि संध्याकाळचा फटका यांची सांगड त्याला घालता येत नाही. माराचा परिणाम होतो, पण भलताच. पिल्लू पलंगाखाली जाऊन चावायला शिकतं, आणि तोंडातली वस्तू हिसकावली जाणार हे कळलं की ती घाईनं गिळून टाकतं. नुसत्या चघळायच्या मोज्यापायी ऑपरेशन होण्याची वेळ येते ती बऱ्याचदा अशी.

मारण्याऐवजी अदलाबदल करा. तोंडात चप्पल दिसली तर मागे धावू नका. धावलात की तो खेळ झाला. शांतपणे जवळ बसा, नाकापाशी चिकनचा किंवा पनीरचा तुकडा धरा, चप्पल सुटल्याक्षणी ‘सोड’ म्हणा आणि तुकडा द्या. मग लगेच त्याचं स्वतःचं खेळणं हातात धरून खेळवा. रोज असं केलं तर काही आठवड्यांत पिल्लू पळवलेली वस्तू घेऊन स्वतःच तुमच्याकडे येऊ लागतं.

‘जुनी चप्पल देऊन टाका, नवी वाचेल’ हा सल्ला सोडून द्या. पिल्लाला जुनी-नवी कळत नाही, चामड्याचा आणि तुमच्या पायाचा वास कळतो. मिरचीपूड चोळणंही नको. डोळ्यांना, नाकाला इजा होते. कडू स्प्रे मिळतात, काही पिल्लं त्यांना दाद देतात, काही आरामात चाटून घेतात.

हाडाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ‘कुत्र्याला हाडासारखं दुसरं काही नाही’ हे आपल्या मनात फार खोल बसलं आहे. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार ढलप्या निघतात. त्या घशात रुततात, आतड्याला भोक पाडू शकतात. मटणाच्या रश्श्यातली नळी असो की चिकनची तंगडी, दोन्ही टाळावीत. कच्चं हाड, शिंग, खूर, कडक याक चीज यांनी वरच्या जबड्यातली मोठी दाढ तडकू शकते. सोपी कसोटी अशी: वस्तूवर नख दाबा. खूण उमटत नसेल तर ती पिल्लाच्या दातांसाठी फार कडक आहे. पोकळ रबरी खेळण्यात भिजवलेलं खाद्य किंवा बिनसाखरेचं दही भरून फ्रीजरमध्ये ठेवा. खेळणंही नसेल तर जुन्या सुती टॉवेलचा तुकडा ओला करून, पीळ देऊन गोठवा. पुढच्या दोन पंजांत तो धरून, डोळे अर्धवट मिटून पिल्लू मागच्या दाढांनी तो चावत बसतं, आणि गारव्यानं हिरड्यांना आराम पडतो. तुम्ही समोर असतानाच द्या, सुतं निघू लागली की काढून घ्या. लहान मुलांच्या हिरड्यांना लावायची जेल पिल्लाला लावू नका. त्यांतल्या काहींमधलं बेन्झोकेन त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवतं.

‘खूप दमवलं की चावत नाही’ यातही गफलत आहे. लहान पिल्लू दिवसाचे सुमारे अठरा तास झोपतं. झोप मोडलेलं, जास्त दमलेलं पिल्लू रडव्या मुलासारखं बिथरतं आणि दिसेल ते चावत सुटतं. अशा वेळी त्याला चेंडू नको, शांत कोपरा हवा. मात्र फक्त तुम्ही नसतानाच मोडतोड होत असेल, तीही दारं-खिडक्यांपाशी आणि सोबत केविलवाणं रडणं असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. तिथे खेळणी बदलून भागणार नाही, जाणकाराची मदत घ्यावी.

काय चावायचं हे पिल्लू शिकेपर्यंत घर त्याच्या उंचीवरून पाहा, अगदी जमिनीवर बसून. लोंबणाऱ्या वायरी, कपाटातल्या डांबरगोळ्या, उंदराचं औषध, कुंडीतली कण्हेर, कचऱ्याच्या डब्यातली आंब्याची कोय आणि मक्याचं खाल्लेलं कणीस. शेवटच्या दोन वस्तू निरुपद्रवी वाटतात, पण आतड्यात अडकल्या तर ऑपरेशनशिवाय निघत नाहीत. वायर चावून झटका बसला तर पिल्लू ठीक दिसत असलं तरी डॉक्टरकडे न्याच. फुप्फुसात पाणी साठणं काही तासांनीही सुरू होऊ शकतं. काही विषारी गिळलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यानंच जीव जाऊ शकतो. वेष्टन किंवा उरलेला तुकडा सोबत घ्या, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा आणि निघताना दवाखान्यात फोन करून ठेवा.