पेटींत बांधलेली कार्यशाळा



परक्या घरीं स्वयंपाकाला हातभार लावावयास गेलेल्या माणसाचा निम्मा वेळ मिठाचा डबा कोठें ठेवला आहे हें विचारण्यांतच जातो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या कामांत पडूं पाहणाऱ्या नवख्या माणसाची स्थिति कांहीं निराळी नसते. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाचावयास, बदलावयास आणि वाटावयास सर्वांना मोकळी असते, त्यास मुक्तस्रोत म्हणतात. दार उघडें असतें खरें. पण उंबरठ्यावरच किती जण अडखळून परत जातात, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीस अशाच एका प्रकल्पांत एक बारीकसा दोष आढळला. उपायहि तिला सुचला होता. सारें मिळून दहाबारा ओळींचें काम. परंतु उपाय चालवून पाहावयाचा तर तें सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर उभें करावयास हवें. तिच्याकडे पीएचपी भाषेची जुनी आवृत्ति होती. नवी घातली, तों महाविद्यालयाच्या कामाचा दुसराच प्रोग्रॅम बंद पडला. तो सांवरतांना डेटाबेस बिघडला. प्रकल्पाच्या मंडळींना विचारलें, तर उत्तर आलें, "आमच्या यंत्रावर तर चालतें!" उत्तर खोटें नव्हतें; उपयोगाचेंहि नव्हतें. तीन रात्री अशा गेल्या, आणि चौथ्या रात्रीं तिनें तो नाद सोडला.

या अडचणीवरील उपायाचें नांव कंटेनर, आणि तें नांव बंदरावरून आलें आहे. पूर्वीं जहाजांत पोतीं, पिंपें, खोकीं एकेक करून चढवीत. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालवाहतूकदाराचें 'आयडियल एक्स' हें जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालें. पेटींत काय भरलें आहे याच्याशीं क्रेनवाल्यास कर्तव्य राहिलें नाहीं. सॉफ्टवेअरचा कंटेनर याच कल्पनेवर बेतला आहे. प्रोग्रॅम, त्यास लागणाऱ्या लायब्रऱ्या व त्यांच्या नेमक्या आवृत्त्या हें सारें एकत्र बांधावयाचें. बांधणीची कृति डॉकरफाइल नांवाच्या साध्या मजकुरांत लिहिलेली असते. तिच्यावरून जो गोठविलेला सांचा तयार होतो ती इमेज, आणि ती चालू केली कीं झाला कंटेनर.

मग हा संगणकाच्या पोटांतला दुसरा संगणकच नव्हे काय? नव्हे. अख्खा आभासी संगणक उभारणें म्हणजे पाहुण्यासाठीं स्वतंत्र बंगला बांधणें. कंटेनर ही चाळींतली खोली. पाया, जिना, पाण्याची टाकी सर्वांची एक, कुलूप मात्र ज्याचें त्याचें. येथें पाया म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. एका खोलींतून शेजारच्या खोलींतलें दिसूं नये ही व्यवस्था लिनक्सच्या कर्नलांतील 'नेमस्पेस' करतात. कोणी किती मेमरी व प्रोसेसर वापरावा याचा हिशेब 'सी-ग्रुप' ठेवतात. ही विद्या एका दिवसांत जन्मली नाहीं. एखाद्या प्रोग्रॅमला एका फोल्डरापुरतेंच जग दाखविण्याची सोय १९७९ च्या युनिक्समध्यें होती. २००० सालीं फ्रीबीएसडीनें 'जेल' आणले. सी-ग्रुप जानेवारी २००८ मध्यें लिनक्सांत दाखल झाले. मार्च २०१३ मध्यें डॉकर लोकांसमोर आलें, तेव्हां कोठें तज्ज्ञांची ही विद्या सर्वांच्या हातीं पडली.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. मराठी विकिपीडियासुद्धां ज्यावर चालतो त्या मीडियाविकीच्या संहितेबरोबरच पेट्यांचा आराखडाहि मिळतो. पेट्या तीन : एकींत पीएचपी, दुसरींत वेब सर्व्हर, तिसरींत पडद्यामागचीं कामें. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट ही एका फाइलींत मावणारी साधी व्यवस्था चालते. संहिता उतरवून घ्यावी, एका लहानशा फाइलींत दोनचार मूल्यें लिहावीं, 'डॉकर कंपोझ अप' ही आज्ञा द्यावी, मागून लायब्रऱ्यांसाठीं एक व मांडणीसाठीं एक अशा आणखी दोन. आणि ब्राउझरांत, आपल्याच संगणकाच्या ८०८० या पोर्टवर, स्वतःचा विकि उघडतो.

यांतली मर्माची गोष्ट अशी कीं, संहिता पेटींत नसते. ती आपल्या नेहमींच्या फोल्डरांत राहते. पेटीला ती फक्त जोडून दिलेली असते. आपण आपल्या एडिटरांत ओळ बदलावी, पेटींतला प्रोग्रॅम तीच बदललेली ओळ वाचतो. पेटी बिघडली तर खुशाल मोडावी आणि नवी करावी. आपलें लेखन शाबूत राहतें, आणि महाविद्यालयाच्या प्रोग्रॅमला धक्काहि लागत नाहीं. (डेटाबेस पेटीच्या पोटांतच ठेवला असेल तर मात्र तो पेटीबरोबर जातो.) नवख्याच्या मनांतील मोडतोडीची भीति यानें जाते, आणि माझ्या मतें वांचलेल्या वेळापेक्षां हा लाभ मोठा.

हें सर्व फुकट मिळत नाहीं. लिनक्सवर पेटींतला प्रोग्रॅम पुष्कळदां सर्वाधिकारी 'रूट' म्हणून फाइली लिहितो, आणि मग आपल्याच फाइली आपल्याला पुसतां येत नाहींत. मीडियाविकीच्या त्या लहानशा फाइलींत आपला वापरकर्ता-क्रमांक लिहावयास सांगतात तो याचसाठीं. विंडोज व मॅकवर खालीं एक आभासी लिनक्स चालवावा लागतो, त्यामुळें जोडलेल्या फोल्डरांतील वाचन-लेखन मंदावतें. इमेज शेकडो मेगाबाइटांच्या असतात. मोबाइलच्या डेटावर भिस्त असलेल्या घरांत ही किरकोळ बाब नव्हे. शिवाय खोलीचें कुलूप म्हणजे किल्ल्याचा दरवाजा नव्हे. अनोळखी माणसाची इमेज डोळे मिटून चालवूं नये.

प्रकल्प चालविणाऱ्यांसहि एक सांगावेंसें वाटतें. कृतींत आवृत्तीच्या जागीं 'लेटेस्ट' लिहून मोकळें होण्याचा मोह फार. आजची 'लेटेस्ट' आणि सहा महिन्यांनंतरची 'लेटेस्ट' या दोन निराळ्या वस्तु आहेत, क्रमांक लिहावा. आणि पाहुण्यांसाठीं बांधलेल्या पेटींत स्वतःहि काम करावें. ज्या पेटींत घरचे लोक राबत नाहींत ती लौकरच गंजते, आणि गंजलेली पेटी नसलेल्या पेटीहून वाईट, कारण ती आशा लावून फसविते.

त्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पानेंहि पुढें अशी पेटी केली. तिनें पुन्हां एकदां बसून पाहिलें. चाळीस मिनिटें लागलीं, त्यांतलीं तीस इमेज उतरण्यांत गेलीं. तिचा तो जुना दोष एव्हांना दुसऱ्याच कोणीं दुरुस्त केला होता. मग तिनें यादींतला पुढचा घेतला.