छायाचित्रे उमटण्यास विलंब का लागतो?

लग्नमुंजीची, सहलींची, घरातील वडीलधाऱ्या माणसांची छायाचित्रे आता काळ्या पानांच्या आल्बमात क्वचितच चिकटविली जातात; ती घरच्या कॉम्प्युटरमध्ये साठविली जातात. पाहुणे येतात, फोटो पाहण्याची इच्छा दर्शवितात, यजमान फोल्डर उघडतात आणि पडद्यावर चित्रांच्या जागी कोरे चौकोन दिसू लागतात. एकेक चित्र सावकाश उमटते. मध्येच सारे थांबते. ‘कॉम्प्युटर हँग झाला’ हे सर्वतोमुखी झालेले वाक्य अशाच वेळी ऐकू येते. मग कोणी पुनःपुन्हा बटणे दाबतो, कोणी वीजच बंद करतो, आणि अखेरीस एखादा जाणता शेजारी सांगतो की, ‘फॉरमॅट मारा.’ हा सल्ला घाईने अमलात आणणे धोक्याचे आहे. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कची पाटी पुसणे होय. त्या पाटीवर घरातील पंधरा वर्षांची छायाचित्रे असतील आणि त्यांची दुसरी प्रत कोठेच नसेल, तर रोगापेक्षा औषध भयंकर ठरावयाचे.

योग्य उपाय सुचण्यासाठी प्रथम हे छोटे चित्र कसे तयार होते ते पाहिले पाहिजे. त्यास ‘थंबनेल’ म्हणजे अंगठ्याचे नख असे नाव आहे. ४००० बिंदू रुंद आणि ३००० बिंदू उंच अशा छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर पूर्ण चित्र ३ कोटी ६० लाख बाइटांचे होते. जेपेग पद्धतीने ते आवळून चार-पाच मेगाबाइटांच्या फाईलमध्ये बसविलेले असते. थंबनेल दाखविण्यासाठी कॉम्प्युटरास सामान्यतः ती फाईल वाचावी लागते, उलगडावी लागते आणि मग लहान करावी लागते. फोल्डरमध्ये हजार छायाचित्रे असतील, तर हा खटाटोप हजार वेळा करावा लागतो.

प्रत्येक वेळी हे श्रम पडू नयेत म्हणून तयार झालेली थंबनेले साठवून ठेवण्याची सोय असते. कापडाचा व्यापारी गठ्ठा न सोडता वर टाचलेला नमुना दाखवितो, त्यासारखाच हा प्रकार. विंडोज प्रणालीत पूर्वी प्रत्येक फोल्डरमध्ये असा वेगळा साठा राहत असे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून तो वापरणाऱ्याच्या खात्यात एकत्र ठेवला जाऊ लागला. म्हणून नवे फोल्डर पहिल्या वेळी सावकाश उघडले, तर तो दोष मानण्याचे कारण नाही. तेच फोल्डर प्रत्येक वेळी अडखळू लागले, म्हणजे मात्र कोठेतरी बिघाड आहे असे समजावे.

हा बिघाड दोन जातींचा असू शकतो. पहिल्या जातीत थंबनेल तयार करण्याच्या कामातच अडथळा असतो. थंबनेलांचा साठा बिघडलेला असतो, एखादी फाईल अर्धवट उतरलेली असते, किंवा नव्या धर्तीची फाईल वाचणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये नसतो अथवा सदोष असतो. आयफोनवर २०१७ पासून आलेल्या ‘एचइआयसी’ फाईलींच्या बाबतीत हा अनुभव येतो. यात गैरसोय होते, पण छायाचित्रांना सहसा धोका नसतो.

दुसऱ्या जातीत खुद्द हार्ड डिस्क झिजलेली असते. ही तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि तिच्यावरून सरकणारे टोक मजकूर वाचते. तबकडीचा एखादा भाग खराब झाला की ते टोक त्याच जागी पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते. उत्तर मिळेपर्यंत ते मागणारा प्रोग्रॅम ताटकळतो आणि पडदा स्तब्ध होतो. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही जातींचा बिघाड सारखाच दिसतो, आणि खरी अडचण येथेच आहे.

यास्तव पहिले काम एकच: फोल्डरमधील छायाचित्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढणे. यात रक्षण होते आणि परीक्षाही होते. प्रत काढताना थंबनेल बनवावे लागत नाही. फाईल केवळ वाचली जाते. सर्व फाईली सुरळीत उतरल्या, तर डिस्क त्या नीट वाचीत आहे असे मानून दोष थंबनेलाच्या कामात शोधावा. उलट, ठराविक फाईलींपाशी प्रत पुनःपुन्हा थांबू लागली, वाचता येत नसल्याचा निरोप आला किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर डिस्कचाच संशय घ्यावा. पेनड्राइव्ह मजकूर स्वीकारण्यास मुळातच मंद असतो, म्हणून या परीक्षेस बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क बरी.

दोष पहिल्या जातीचा ठरल्यास उपाय सोपा आहे. विंडोजमधील ‘डिस्क क्लीनअप’ उघडून केवळ ‘थंबनेल्स’ या नावापुढे खूण करावी आणि जुना साठा काढून टाकावा. मूळ छायाचित्रांस याने धक्का लागत नाही; साठा पुन्हा तयार होतो. तरीही अडखळणे न थांबल्यास फोल्डरच्या पर्यायांत ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ हा पर्याय निवडून पाहावा. त्याने फोल्डर चटकन उघडू लागले, तर निदानास पुष्टी मिळते. मग त्यातील निम्म्या फाईली दुसऱ्या फोल्डरात हलवून पर्याय पूर्ववत करावा. ज्या निम्म्यात अडचण राहील तिचे पुन्हा दोन भाग करावे. हजार फाईलींतून एक दोषी फाईल अशा दहा पायऱ्यांत सापडते.

दोष डिस्कचा ठरल्यास मात्र दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. ‘चेकडिस्क’सारखा प्रोग्रॅम चालविल्याने दुबळ्या डिस्कवर अधिक ताण पडतो. जी छायाचित्रे सर्वांत मोलाची, ती आधी उतरवून घ्यावी. अडणाऱ्या फाईली तूर्त सोडून पुढे जावे. आवाज येऊ लागला असल्यास कॉम्प्युटर बंद करून जाणकाराकडे द्यावा. कित्येकदा केवळ जोडणीची तार सैल झालेली असते. तीही पाहण्यास त्यास सांगावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या सोयीने ठेवीत असते. त्या नोंदीत बदली केलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलणेच शहाणपणाचे.

नवी डिस्क घेताना फिरती तबकडी नसलेली ‘एसएसडी’ घेतल्यास फोल्डर लक्षणीय वेगाने उघडतात. मात्र तीही कधी ना कधी बिघडते, आणि बिघडताना टकटक असा इशाराही देत नाही. म्हणून डिस्क कोणतीही असो, छायाचित्रांची एक प्रत कॉम्प्युटरबाहेर, शक्य तर दुसऱ्या आप्ताच्या घरी, असलीच पाहिजे. कॉम्प्युटर बाजारात पुन्हा मिळतो. आजीचा हसरा चेहरा मात्र एकाच फाईलीत असेल, तर तो पुन्हा मिळत नाही.