जलरंगातले शेकर लाकूडकाम

शेकर कोण? नेत्या ॲन ली यांच्यासोबत १७७४ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आलेला ख्रिस्ती पंथ. ब्रह्मचर्य आणि सामूहिक जीवन हे त्यांचे नियम. त्यांच्या सुतारकामात नक्षीला फाटा आणि उपयोगाला मान असे.

चित्रे कुठली? महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारने १९३५ मध्ये ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ हा उपक्रम हाती घेतला. १९४२ पर्यंत जुन्या कारागिरीच्या वस्तूंची सुमारे १८ हजार चित्रे झाली. त्यांत शेकर खुर्च्या, टेबले, कपाटेही आहेत.

कॅमेरा का नाही? रंगीत छायाचित्रण तेव्हा महाग होते आणि त्याचे रंग टिकत नसत.

काय पाहावे?
- कापडी पट्ट्यांनी विणलेली खुर्चीची बैठक. एक पट्टी वर, दुसरी खाली, आणि प्रत्येकीच्या कडेला वेगळी सावली.
- लंबगोल डब्याच्या कडेचे बोटांसारखे कापलेले सांधे आणि त्यांवरचे तांब्याचे बारीक खिळे.
- खणांच्या साध्या लाकडी मुठी आणि लाकडाच्या रेषा.

दाद कशासाठी? नक्षीच नसल्यामुळे चित्रकाराला चूक झाकायला जागा उरत नाही. पायाची जाडी केसभर चुकली तरी साऱ्या खुर्चीचा डौल बिघडतो. सुताराने रंध्याला दिली तेवढीच निष्ठा या चित्रकारांनी कुंचल्याला दिली.

कुठे पाहाल? वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये. तिच्या संकेतस्थळावर मोफत.