निदान चुकलं, म्हणजे हलगर्जीपणा झाला का?

गैरसमज: निदान चुकलं की निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होतो.

वस्तुस्थिती: होत नाही. त्याच प्रकारच्या सामान्य कुशल डॉक्टरने त्या दिवशी, समोर दिसणाऱ्या लक्षणांवरून काय केलं असतं, हे न्यायालय पाहतं. 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी मान्य केली. शेवटचा रिपोर्ट हातात आल्यावर आपण सगळेच निष्णात डॉक्टर होतो. कायदा तसं मागे वळून पाहत नाही.

2019 मध्ये निकाल लागलेलं जयपूरचं प्रकरण पाहा. कर्करोगाचे उपचार घेतलेल्या एका महिलेला पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतानाही डिस्चार्ज दिला गेला आणि पुढे तिचा मृत्यू झाला. न्यायालय म्हणालं, फार तर निदान चुकलं असेल, पण तेवढ्याने निष्काळजीपणा ठरत नाही. त्याच वर्षी भोपाळच्या प्रकरणात मात्र उलटा निकाल लागला. तिथे डेंग्यूचं निदान बरोबर होतं, पण रुग्णावर वेळोवेळी जी देखरेख हवी होती ती ठेवली गेली नाही. रुग्णालयाला 15 लाख रुपयांची भरपाई द्यावी लागली. निदान बरोबर असूनही दोष सिद्ध झाला, हे माझ्या मते फार बोलकं आहे.

गैरसमज: दुसऱ्या डॉक्टरची साक्ष नसेल तर तक्रार टिकतच नाही.

वस्तुस्थिती: गुंतागुंतीच्या प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच. पण 2010 मध्ये हैदराबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ते प्रत्येक वेळी सक्तीचं नाही. थंडी वाजून ताप येणाऱ्या महिलेवर तिथे टायफॉइडचे उपचार झाले. दुसऱ्या रुग्णालयात हलवल्यावर टायफॉइडची विडाल चाचणी निगेटिव्ह आली आणि रक्तात मलेरियाचे परजीवी सापडले. तोवर वेळ निघून गेली होती. जिल्हा ग्राहक मंचाने दिलेली दोन लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

याची दुसरी बाजू नातेवाइकांना कटू वाटते. निदानात दिरंगाई झाली, एवढंच दाखवून भागत नाही. त्या दिरंगाईमुळेच नुकसान झालं हेही दाखवावं लागतं. वेळेत कळूनही आजार हाताबाहेरचाच असता, तर दावा लंगडा पडतो.

गैरसमज: पोलिसांत गेलं की डॉक्टर तुरुंगात.

वस्तुस्थिती: फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो. जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार वैद्यकीय उपचार करताना निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. भरपाईसाठी मार्ग ग्राहक आयोगाचा, तोही तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत. सर्वांना पूर्णपणे मोफत सेवा देणारी रुग्णालयं ग्राहक कायद्याबाहेर असली, तरी दिवाणी दावा करता येतो.

कुठेही गेलात तरी आधी कागद लागतात. दाखल रुग्णाचे केस पेपर लेखी मागितल्यावर 72 तासांत मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. डॉक्टरांना ते उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे. म्हणून वकील शोधण्याआधी अर्ज करा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.