कुठली पलटण?

पुतण्याची अग्निवीर म्हणून चार वर्षं भरत आली. परवा फोनवर म्हणाला, "काका, कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांत नाव नाही लागलं तर?" मला माझ्या वडिलांची, अण्णांची, नंबर रंगवलेली काळी ट्रंक आठवली. ती घेऊन ते मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शनीवर आले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्याच वर्गातला तलाठी अठ्ठावन्नपर्यंत पगारवाढी घेत राहिला. अण्णा बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभे राहिले. फौजेला तरणी पोरं लागतात, म्हणून जवान ऐन उमेदीत घरी.

१९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर जवानांचं पेन्शन पगाराच्या सत्तर टक्क्यांवरून पन्नासवर आलं, हे अण्णांचं जुनं दुखणं. नवं दुखणं वेगळं. त्यांनी कवायत शिकवलेला पोरगा वीस वर्षांनी अण्णांसारखाच हवालदार म्हणून सुटला आणि त्यांच्यापेक्षा जास्त पेन्शन घेऊ लागला.

सप्टेंबर २०१३ मध्ये रेवाडीच्या सभेत मोदींनी 'वन रँक वन पेन्शन' उचललं. निवडणूक तोंडावर येताच अर्थमंत्री चिदंबरम यांनाही पाचशे कोटी सापडले. मग जून २०१५ पासून जंतरमंतरवर माजी सैनिकांचं आंदोलन. १४ ऑगस्टला पदकं लावलेल्या म्हाताऱ्यांना पोलीस रेटत होते. अण्णांनी उठून टीव्ही बंद केला. ५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री पर्रीकरांनी योजनेची घोषणा केली. अण्णांचा त्यांच्यावर जीव, पण फेरआढावा पाच वर्षांनी म्हटल्यावर हसले, "सत्तरीच्या माणसाला पाच वर्षांचा वायदा!"

वायदाही पाळला नाही. २०१९ चा आढावा डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. अण्णा २०२१ लाच गेले होते. थकबाकी आईच्या खात्यावर आली. दरम्यान १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झालं. चार वर्षांनी सेवानिधीचे अकरा-पावणेबारा लाख हातात, पेन्शन नाही. एकाच हुद्द्यातली पेन्शनची तफावत मिटवायचा हा एक नामी उपाय!

गेल्या नोव्हेंबरात आईला हयातीच्या दाखल्यासाठी त्याच बँकेत नेलं. दारात नवा पहारेकरी होता, पाठ ताठ. आई थांबली.

"कुठली पलटण?"

"मराठा, आजी."

"वय काय रे?"

"छत्तीस."